राजाने सही नाकारली तर?

फोंड्याकडच्या एका कायद्याच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: जगात अजून चाळीसहून जास्त देशांत राजे-राण्या राष्ट्रप्रमुख आहेत. लोकशाहीच्या काळात त्यांचं काम तरी काय? आणि गोव्यातला राजा तर १९१० सालीच गेला, मग आपण या विषयात डोकं का घालायचं?

दुसरा भाग आधी घेते, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. गोव्यात वारसाहक्काची, वाटणीची, लग्नाच्या नोंदणीची कामं करणाऱ्या वकिलाच्या टेबलावरून राजा अजून उठलेला नाही. आपली नागरी संहिता १८६७ ची. ती मंजूर करणारा कायदा ‘देवाच्या कृपेने पोर्तुगाल आणि आल्गार्व्हचा राजा’ दों लुईस याच्या नावाने निघाला आणि १ जुलै १८७० पासून संहिता गोव्यात लागू झाली. पुढे १६ डिसेंबर १८८० ला इथल्या हिंदूंच्या रूढी-रिवाजांचा हुकूमनामा आला, तोही त्याच राजाच्या कारकिर्दीत. त्याचं तिसरं कलम एकदा काढून वाचाच. पत्नी पंचवीस वर्षांची होईपर्यंत मूलच झालं नाही, किंवा ती तिशी ओलांडेपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाला, इतर काही अटी घालून, कायद्याची मान्यता. गादीवर असताना पोर्तुगालचा एकही राजा गोव्यात कधी आला नाही, पण म्हार्दोळच्या की मडगावच्या बाईला किती वर्षांपर्यंत मुलगा व्हायला हवा हे लिस्बनहून ठरत होतं. आज ते कलम कोणी चालवत नाही. पुस्तकात मात्र छापलेलं आहे.

राजा गेला, प्रजासत्ताक आलं, हुकूमशहा सालाझार आला, १९६१ मध्ये पोर्तुगीजच गेले. आपल्या संसदेने १९६२ च्या कायद्याने इथले जुने कायदे चालू ठेवले. वारसाहक्काचा भाग गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्याने बदलला, तो लागू व्हायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. पण वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, हा नियम अजून त्या जुन्या संहितेतलाच. नवऱ्याने परस्पर घर विकायला काढलं की बायकोचा अर्धा हिस्सा मी कोर्टात दाखवते तो त्याच पानावरून. तेव्हा राजेशाही हा आपल्यासाठी परदेशी विषय नाही.

आता मूळ प्रश्न. माझं मत सरळ सांगते. एखाद्या देशात राजा आहे की नाही, यावरून तिथल्या माणसाच्या स्वातंत्र्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. बघायचं असतं ते हे की राजाच्या हातात काय उरलंय आणि त्याने ते चुकीचं वापरलं तर त्याला थांबवायचं कोणी.

याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. पोर्तुगालमध्ये घटनात्मक राजेशाही होती तेव्हा, १८२२ पासून, गोव्यातून लिस्बनच्या संसदेत प्रतिनिधी निवडून जात होते. १८६१ पासून फ्रान्सिस्क लुईस गोमिश तिथे बसून वसाहतींच्या हक्कांवर बोलत होते. मतदार मूठभर होते आणि बहुतेक वरच्या थरातले, हे खरंच. शिवाय १८२६ च्या सनदेनुसार कॅथलिक हा राज्याचा धर्म होता, त्यामुळे हिंदूंची अवस्था दुय्यमच. १९०८ च्या फेब्रुवारीत लिस्बनच्या चौकात राजा दों कार्लुश आणि युवराज यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. ५ ऑक्टोबर १९१० ला क्रांती झाली, विशीतला राजा मानुएल इंग्लंडला पळाला, आणि १९११ मध्ये चर्च व राज्य वेगळं करणारा कायदा आला. गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकरीची, शाळा-ग्रंथालयं काढण्याची, वर्तमानपत्रं चालवण्याची मोकळीक मिळाली ती या प्रजासत्ताकामुळे. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक ‘रिपब्लिक’ हा शब्द जिव्हाळ्याने उच्चारायचे, तो उगीच नाही.

पण पुढे काय झालं? १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकराचा दर्जा खाली आणला. सालाझारच्या राजवटीत सभा घ्यायची तर परवानगी आणि छापायचं तर आधी सेन्सॉर. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांना बोलू दिलं नाही, अटक केली, तेव्हा पोर्तुगालमध्ये राजा नव्हता. राष्ट्राध्यक्ष होता, घटना होती, प्रजासत्ताक हे नावही होतं. विसाव्या शतकात गोव्याने सर्वांत घट्ट गळचेपी सोसली ती मुकुट नसलेल्या राज्याकडून. राजा नको म्हणणारे आणि राजा हवा म्हणणारे दोघेही हा भाग गाळतात.

म्हणून वकिलाने राजेशाही तपासायची तर राजवाड्यापासून नव्हे, सहीपासून सुरुवात करावी. संसदेने कायदा मंजूर केला आणि राजाने सही नाकारली तर काय होतं?

ब्रिटनमध्ये असं शेवटचं घडलं १७०८ मध्ये, राणी ॲनच्या वेळी. त्यानंतर तीनशे वर्षांत कोणी नाकारलेली नाही, म्हणजे तो अधिकार कागदावर आहे आणि वापरात मेला आहे. बेल्जियमचं उदाहरण जास्त बोलकं. १९९० च्या एप्रिलमध्ये राजा बोदुआंसमोर गर्भपाताला सवलत देणारा कायदा सहीसाठी आला. तो कट्टर कॅथलिक, स्वतःला मूल नाही. त्याने पंतप्रधानांना कळवलं की माझी सदसद्विवेकबुद्धी परवानगी देत नाही. मग मंत्रिमंडळाने राजा राज्य करूच शकत नसेल तर काय, यासाठी ठेवलेली घटनेतली तरतूद बाहेर काढली, राजा राज्य करण्यास तात्पुरता असमर्थ आहे असं जाहीर केलं, सर्व मंत्र्यांनी मिळून कायद्यावर सह्या केल्या, आणि लगेच संसदेने राजाला पुन्हा समर्थ ठरवलं. राजाचा विवेकही राहिला, कायदाही झाला. हा प्रकार मला नेहमी थोडा विनोदी वाटतो, पण त्यातली शिस्त बघा: राजाने अडवणूक केली नाही, स्वतःला बाजूला होऊ दिलं. लक्झेंबर्गच्या ग्रँड ड्यूकने २००८ मध्ये इच्छामरणाच्या कायद्याबाबत तसाच नकार दिला, तर तिथे घटनाच बदलून कायद्याला त्याच्या संमतीची गरज काढून टाकली. स्वीडनने तर १९७४ च्या घटनेतच सही काढून घेतली. पंतप्रधान नेमण्याची प्रक्रियाही तिथे सभापती चालवतो.

युरोपातल्या राजांचं काम काय, याचं उत्तर यात बरंचसं आलं. सही करणं, पण अडवायचं नाही.

मग तो हवा कशाला? समर्थकांचा सर्वांत बळकट मुद्दा पंचाचा आहे. निवडणुकीत कोणालाच बहुमत नाही, तेव्हा सरकार बनवायला कोणाला बोलवायचं हे कोणीतरी ठरवायला हवं, आणि तो माणूस पक्षाचा नसावा. हा मुद्दा गोवेकराला वेगळा समजावून सांगायला नको. २०१७ मध्ये चाळीसपैकी काँग्रेसच्या १७ जागा, भाजपच्या १३. राज्यपालांनी छोट्या पक्षांच्या आणि अपक्षांच्या पाठिंब्याच्या पत्रांवर मनोहर पर्रीकरांना बोलावलं. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने शपथविधी थांबवला नाही पण लगेच विश्वासदर्शक ठराव घ्यायला लावला, आणि १६ मार्चला पर्रीकरांनी २२ विरुद्ध १६ असा तो जिंकला. निर्णय बरोबर की चूक, यावर पणजीच्या कुठल्याही हॉटेलात चहाच्या कपावर तास जातो. पण राज्यपाल केंद्राने नेमलेले असतात, हा आक्षेप कोणत्याही पक्षाच्या माणसाला सुचतो, तो विरोधात असेल तेव्हा. जन्माने आलेल्या राजाबाबत निदान हा आक्षेप घेता येत नाही. त्याला कोणी नेमलेलं नसतं, म्हणून तो कोणाचा देणेकरी नसतो.

मुद्दा खरा आहे, पण तितकाच पुरतो. नेदरलँड्सने २०१२ पासून सरकार-स्थापनेच्या बोलण्यांतून राणीला वगळलं आणि ते काम संसदेनेच हातात घेतलं. देश काही बुडाला नाही. उलट बेल्जियममध्ये राजा असूनही २०१०-११ मध्ये ५४१ दिवस पूर्ण अधिकाराचं सरकार बनलं नाही. पंच असला म्हणून खेळाडू खेळतीलच असं नसतं. आणि ब्रिटनमध्ये २०१९ साली पंतप्रधान बोरिस जॉन्सनने संसद पाच आठवडे तहकूब करायचा सल्ला राणीला दिला तेव्हा तिने तो मानला, कारण मानणं हेच तिचं कर्तव्य. ती तहकुबी बेकायदा ठरवली ती तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने. घटना वाचवायचं काम राणीने केलं नाही, कोर्टाने केलं. माझ्या मते आधुनिक राजेशाहीबद्दलची ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे आणि परीक्षेत तिच्यावर प्रश्न आला तर सोडू नका.

उलट बाजूला स्पेन आहे. २३ फेब्रुवारी १९८१ ला तेहेरो नावाचा अधिकारी सशस्त्र शिपाई घेऊन संसदेत घुसला, खासदारांना ओलीस धरलं. मध्यरात्र उलटल्यावर राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात टीव्हीवर आला आणि सैन्याला घटनेशी एकनिष्ठ राहण्याचा हुकूम दिला. बंड मोडलं. इथे राजा असण्याचा फायदा झाला हे मान्य करायलाच हवं, कारण हुकूमशहा फ्रँकोच्या काळात घडलेल्या सैन्याने दुसऱ्या कोणाचं ऐकलं असतं असं वाटत नाही. पण त्याच राजाने २०१४ मध्ये गादी सोडली आणि २०२० मध्ये पैशांच्या व्यवहारांच्या आरोपांनंतर देशही सोडून अबू धाबी गाठली. गादीवर असतानाच्या कृत्यांसाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही, स्पेनच्या घटनेत तसं लिहिलेलं आहे. एका रात्रीच्या उपकाराचं बिल असं आयुष्यभर फेडावं लागतं. मलेशियाने हा प्रश्न १९९३ मध्ये सोडवला: सुलतानांचं कायद्यापासूनचं संरक्षण काढलं आणि त्यांच्यासाठी विशेष न्यायालय ठेवलं. तिथला राजा तर नऊ सुलतानांतून पाळीपाळीने पाच वर्षांसाठी निवडला जातो, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

आता आपल्या जवळचे राजे. गोव्यात असं घर विरळा ज्याचं कोणी कुवेत, दुबई, मस्कत, बहारीनला नव्हतं किंवा नाही. तिथून आलेले लोक सांगतात, रस्ते बघ, शिस्त बघ, राजा असला की कामं होतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त एक विचारते: तुझ्या मालकाने तुझा पासपोर्ट ठेवून घेतला तेव्हा तू कोणाच्या विरोधात, कुठे गेलास? रस्ते तेलाच्या पैशाचे आणि बाहेरून आणलेल्या मजुरांच्या घामाचे आहेत, त्यात मुकुटाचा वाटा किती हे वेगळं काढणं कठीण. कुवेतची संसद आखातात सर्वांत बोलकी होती, मंत्र्यांना उभं करून प्रश्न विचारायची. १० मे २०२४ ला अमीरने ती बरखास्त केली आणि घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित ठेवली. एका संध्याकाळचं भाषण, विषय संपला. माझ्या कसोटीने बघा: त्याला थांबवायचं कोणी? उत्तर नाही. थायलंडमध्ये राजाबद्दल अपमानकारक बोलल्यास कलम ११२ खाली प्रत्येक आरोपाला तीन ते पंधरा वर्षं शिक्षा आहे. तिथे हा लेखसुद्धा मी जपून लिहिला असता.

खर्चाबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या राजघराण्याला सरकारकडून २०२४-२५ साली ८.६३ कोटी पौंड मिळाले, पुढच्या वर्षी बकिंगहॅम राजवाड्याच्या दुरुस्तीमुळे १३.२१ कोटी. एवढ्या देशाला ही रक्कम डोईजड नाही, आणि राष्ट्राध्यक्षही फुकट येत नाहीत. मला खटकतं ते दुसरंच. ब्रिटनमध्ये सामान्य माणसाच्या मोठ्या इस्टेटीवर चाळीस टक्के वारसा कर लागतो, राजाकडून राजाकडे जाणाऱ्या मालमत्तेवर तो नाही. १९९३ मधल्या समझोत्याने तशी सूट आहे. का, तर वाटणी झाली तर गादी टिकत नाही.

इथे माझा व्यवसाय मध्ये येतो. गोव्याच्या कायद्यात बापाला आपली अर्धी इस्टेट मुलांपासून तोडताच येत नाही आणि मुलगा-मुलगी समान. राजेशाहीचा पाया नेमका उलटा: सगळं एकाला, बाकीच्यांना पोटगी. पोर्तुगालमध्ये मोठ्या घराण्यांची इस्टेट थोरल्या मुलाला अखंड मिळायची, ती पद्धत १८६३ मध्ये बंद केली. अपवाद फक्त एक ठेवला, ब्रागांसा म्हणजे राजाचंच घराणं. कायदा सर्वांना समान, राजाला सोडून. आजच्या राजघराण्यांवर काळाचा रेटा याच जागी जास्त दिसतो. स्वीडनने १९८० मध्ये थोरलं अपत्य, मग मुलगा असो की मुलगी, हा नियम केला. ब्रिटनने २०१३ चा कायदा करून २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांना तो लावला. जपानमध्ये सम्राट आकिहितोने २०१९ मध्ये पद सोडलं, त्यासाठी खास कायदा करावा लागला, पण नव्या सम्राटाची एकुलती मुलगी आयको अजूनही गादीवर बसू शकत नाही.

हे वाचून हसण्याआधी आपल्याकडे बघावं. कोमुनिदाद म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था; तिचा गांवकर जन्माने ठरतो, झोण म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा मिळतो तो जन्माने, देवळाचं महाजनपण जन्माने, आणि परंपरेने हे सगळं पुरुषवंशातून. १८८६ च्या महाजनकीच्या नियमावलीवर आणि नंतरच्या दुरुस्त्यांवर आजही गावोगाव दावे चालू आहेत. चार्ल्स राजाला जन्माने मुकुट कसा, असं विचारणारा माझा एक अशील आपल्या कुळाबाहेरच्या कोणाला पालखीचा मान मिळू नये म्हणून माझ्याकडे आला होता. वकीलपत्र घेतलं मी. काम ते काम.

गोव्यात देशी राजेही होते, हे तुमच्या पिढीला फारसं माहीत नसतं. सोंद्याच्या (आज उत्तर कन्नडमध्ये) राजाचा मुलूख हैदर अलीने १७६३ मध्ये घेतला, राजा पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला, बांदोड्यात राहिला. फोंडा, काणकोण वगैरे भाग पुढे पोर्तुगिजांकडेच राहिला, १७९१ मध्ये करारानेही. राजाकडे मान राहिला, महसूल गेला. भारताने हेच १९७१ मध्ये मोठ्या प्रमाणावर केलं. आधी राष्ट्रपतींच्या आदेशाने राजेरजवाड्यांची मान्यता काढली, ती डिसेंबर १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली, मग संसदेने सव्विसावी घटनादुरुस्ती करून तनखे बंद केले. आदेशाने नाही, दुरुस्तीनेच जावं लागलं, हा भाग अभ्यासक्रमात जरूर वाचा.

तनखे गेल्यावर घराणी काय करतात ते सीमेपलीकडे सावंतवाडीत दिसतं. हाताने रंगवलेल्या गंजिफाची कला तिथल्या राजघराण्याने मरू दिली नाही, आजही राजवाड्यात कारागीर बसून ते गोल पत्ते रंगवतात. कोल्हापूरचे शाहू छत्रपती आणि साताऱ्याचे उदयनराजे २०२४ मध्ये लोकसभेवर गेले, दोन वेगळ्या पक्षांतून, मतं मागून. मान वंशाचा, अधिकार मतांचा. मला हे चालतं. मराठी माणसाच्या मनात राजा म्हटलं की शिवाजी महाराज येतात, नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा १६६८ मधला जीर्णोद्धार आठवतो. पण त्या आदराचा आधार कर्तृत्व आहे. वंशपरंपरेच्या बाजूने त्यांचं नाव पुढे करणाऱ्यांनी ज्याने राज्य स्वतः उभं केलं त्याचं उदाहरण घेतलंय, हे विसरू नये.

शेवटी, ज्या देशात राजा गेला तिथे परत आणावा का, असं तुम्ही पुढे विचारणारच, तर नेपाळ बघा. २००१ मध्ये राजवाड्यात राजघराण्याचं हत्याकांड झालं, ज्ञानेंद्र गादीवर आले, १ फेब्रुवारी २००५ ला त्यांनी सरकार बरखास्त करून सगळी सत्ता हातात घेतली. पुढच्या वर्षी लोक रस्त्यावर आले आणि २८ मे २००८ ला संविधान सभेने राजेशाहीच संपवली. त्याच वर्षी शेजारच्या भूतानमध्ये उलट झालं: राजाने स्वतः लोकशाहीची घटना आणली, त्यात राजाने पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायचं असं कलम आहे, आणि त्याला संसद व सार्वमताने पायउतार करायची वाटही ठेवली आहे. नेपाळच्या पक्षांनी नंतर इतका गोंधळ घातला की २०२५ मध्ये काठमांडूत राजा परत आणा म्हणून मोर्चे निघाले. मोर्चेकऱ्यांचा राग मला समजतो. त्यांना माझा प्रश्न वकिलाचाच राहील: तुमचा राजा भूतानच्या कलमांखाली बसणार की २००५ च्या, आणि त्याने संसद बंद केली तर ती उघडायला कुठल्या कोर्टात अर्ज करायचा?